दात्यांच्या रुळावर फोडलेला नारळ

स्वित्झर्लंडमधल्या त्या डोंगरावर जाणारी गाडी अर्ध्या वाटेत पाऊण तास अडकून पडली, ती माझ्यामुळे. नारळ मी फोडला होता. आमच्या टूरमधले सगळे लोक, आमच्या सोसायटीतले शेजारी आणि गाळ्यातले कामगार अजून समजतात की तो माझ्या आईने फोडला. त्यांना तसं सांगणारा मीच. हे आधीच लिहून टाकतो. सरोवराच्या निळ्या रंगापासून सुरुवात केली, तर मी त्या रंगातच लपून राहीन, एवढं मी स्वतःला ओळखतो. डोंगराचं नाव मात्र लिहीत नाही. त्या डोंगराचा आणि त्या रेल्वेचा यात काही दोष नाही.

मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात सुपरवायझर आहे. वय त्रेपन्न. राहायला मीरा रोडला, सिल्व्हर पार्कजवळ. आई जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यात, आमच्या मूळ घरात राहते. आमच्या फ्लॅटवर ती दोन दिवसांच्या वर टिकत नाही. "हितं वारा पन लिफ्टनी वर येतो," असं तिचं म्हणणं. चाळीस वर्षं तिने मासळी विकली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी आणि सुलभा, माझी बायको, टूरला जायचं ठरवत होतो, तेव्हा आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने एकच विचारलं.

"बरफाचा डोंगर हाय बोलतान. तवरा बरफ तिकडं फोडतं कोन?"

तिने आयुष्यभर बर्फ पाहिला तो कारखान्याच्या लादीचा, भुसा लागलेला, टोच्याने फोडून म्हावऱ्याच्या पेटीत भरायचा. तिला न्यायलाच हवं, असं त्या क्षणी वाटलं. तेवढं एक माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

सरोवर

पहिले दोन दिवस शहरात गेले. तिथलं सगळं इतकं स्वच्छ की मला सारखं काहीतरी सांडल्यासारखं वाटत राहिलं. रस्ता ओलांडायला पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवला की मोटारी थांबतात. आई भाईंदरच्या केबिन रोडवर रिक्षांच्या मधून हात दाखवत चालणारी बाई; इथे हात न दाखवताच गाड्या थांबल्यावर ती बिचकली. प्रत्येक ड्रायव्हरकडे जाऊन विचारायला लागली, "काय पायजे?"

तिसऱ्या दिवशी सकाळी बोटीने सरोवर ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी जायचं होतं. पाणी असं की तळाचे गोटे मोजावेत. पलीकडे डोंगरांच्या रांगा, त्यांच्या डोक्यावर बर्फ, आणि त्या सगळ्याची पाण्यात उलटी नक्कल. लोक फोटो काढत होते. आईने पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून नारळ काढला. शेंडी राखलेला, हळद-कुंकू लावलेला. घरून निघतानाच तिने तो कपड्यांच्या बॅगेत घातला होता, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही कोळी पाण्याला नारळ देतो तो अख्खा. फोडत नाही. पाण्यावर सोडायचा, हात जोडायचे. आई धक्क्याच्या कडेला वाकलीच होती.

"आये, थांब," मी तिचा दंड धरला. "हितं चालत न्हाय. दंड करतात."

"कोन बोलला?"

"पाटी हाय."

पाटी होती. तिच्यावर कुत्रा, सायकल आणि सिगारेट यांच्यावर लाल फुली होती. नारळाचं काही नव्हतं. खरं कारण असं की आमच्या मागे टूरमधले लोक उभे होते आणि दोन गोऱ्या बायका आईकडे बघत होत्या. मला लाज वाटली. माझ्या बापाच्या तीन पिढ्या ज्या नारळाच्या भरवशावर समुद्रात गेल्या, त्याची.

"यवरा चांगला पानी, आनी नारल न्हाय द्यायचा?" आई म्हणाली.

"दे माझ्याकडे. वर गेल्यावर बघू."

मी नारळ माझ्या सॅकमध्ये टाकला.

गाडी

गाडी लाल रंगाची, लाकडी बाकांची. दीडशे वर्षांपूर्वीपासून या डोंगरावर गाडी चढते आहे, असं आमचा टूर मॅनेजर केतन माइकवर सांगत होता. पस्तिशीचा मुलगा, बोरिवलीचा, आवाज कायम उत्साही. दोन रुळांच्या मधोमध तिसरा रूळ, शिडीसारखा. गाडीखाली दातेरी चाक असतं, त्याचे दाते या शिडीच्या पायऱ्यांत अडकत अडकत गाडी वर जाते. आणि इंजिन मागे! पुढून ओढत नाही, खालून ढकलतं.

आता एक कबुली. मला घाटाची भीती वाटते. बोरघाटात मी डोळे मिटून घेतो आणि सुलभाला सांगतो की झोप लागली. दुसरी गोष्ट, मला गिअर कळतात. गाळ्यातल्या प्रेस मशीनचा एक दाता तुटला की काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. म्हणजे गाडीतले बाकीचे लोक डोंगराकडे बघत होते तेव्हा मी एकटाच जमिनीकडे, त्या दात्यांकडे बघत होतो.

गाडी सुरू झाली. खाली सफरचंदाची झाडं, उतारावर तिरकी उभी असलेली लाकडी घरं, खिडक्यांतून लाल फुलं. मग एकदम सगळं कलंडलं. बाहेर झाडं तिरकी दिसायला लागली. खरं तर तिरके आम्ही होतो. खिडकीशी गाई आल्या. एकेकीच्या गळ्यात तांब्याएवढी घंटा.

"देवलातली घंटा गाईच्या गल्यात!" आई खूश. "मंग देवलात काय बांधतान?"

माझ्या पुढच्या बाकावर जागृतीबेन होत्या, आमच्याच सिल्व्हर पार्कच्या. त्यांनी थेपल्यांचा डबा उघडला आणि सगळ्या गाडीत मेथीचा वास पसरला. "बा, लो ना," त्या आईला म्हणाल्या. आईने दोन घेतले. मी घेतला नाही. मी डोळे मिटून घेतले होते.

"झोप लागली का?" सुलभाने विचारलं.

"नाही."

"मग डोळे मिटलेत म्हणून विचारलं."

मधलं स्टेशन

अर्ध्या वाटेवर एक छोटं स्टेशन आहे. वरून येणारी गाडी पार होईपर्यंत आमची गाडी तिथे थांबते. केतन म्हणाला, "दहा मिनिटं, फोटो काढा, आणि आता पुढे खरा चढ!" 'खरा' हा शब्द ऐकून मी सॅक उचलली.

आमच्या गाळ्यात दसऱ्याला प्रत्येक मशीनपुढे नारळ फुटतो. नवी मोटार, नवी प्रेस, नवा टेम्पो, नारळाशिवाय काही चालू होत नाही. माझ्या सॅकमध्ये नारळ होता. समोर दीडशे वर्षांचं मशीन होतं आणि त्यात माझी आई, माझी बायको आणि मी बसणार होतो. मी उतरलो, गाडीच्या पुढच्या बाजूला गेलो. कोणी बघत नव्हतं. आजूबाजूला दगड दिसला नाही. कठीण असं एकच होतं, ते म्हणजे दात्यांचा रूळ.

हेही लिहायलाच हवं की गाळ्यात मी कोणाला मशीनच्या गिअरजवळ नारळ फोडू देत नाही. करवंटीचा तुकडा आत गेला तर दोन दिवस काम बंद. गेल्या दसऱ्याला यावरून मी एका कामगाराला सगळ्यांसमोर बोललो होतो.

पहिल्या फटक्यात नारळ उसळला आणि माझ्या हातातून सुटून उतारावर घरंगळला. मी त्याच्या मागे धावलो. एक गाय बघत होती. दुसऱ्या फटक्यात चीर गेली, पाणी माझ्या बुटात. तिसऱ्या फटक्यात तो फुटला. एक भकल गवतात उडालं. दुसरं मात्र शिडीच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये असं जाऊन बसलं, जणू मापाने बनवलेलं.

मी ओढलं. निघेना. खिशातला स्टीलचा चमचा घातला, आमच्याच गाळ्याचा, चांगल्या गेजचा, म्हणजे जाड पत्र्याचा. चमचा वाकला. नारळ जागचा हलला नाही, त्यातला एक तुकडा मोडून हातात आला आणि बाकीचा आणखी खाली रुतला.

तेवढ्यात मागून आवाज आला. आई उतरली होती. गवतातलं भकल तिने उचललं होतं, पदराने पुसत होती.

"अरे, ह्यो माजा नारल!" ती म्हणाली. "कोनी फोडला?"

आणि त्याच क्षणी दुसरीकडून गाडीचा कंडक्टर आला. उंच, पांढऱ्या मिशांचा, डोक्यावर टोपी. त्याने रुळाकडे पाहिलं. माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. आईच्या हातातल्या भकलाकडे पाहिलं. मग अडखळत्या इंग्रजीत शांतपणे विचारलं, "हे कोणी केलं?"

मी म्हणालो, "माय मदर. ओल्ड. पूजा."

इतकं सोपं होतं ते. चार शब्द कमी पडतील म्हणून मी वर हातही जोडले.

कंडक्टरने कमरेचा वायरलेस काढला. नियम असा की दात्यांच्या रुळात काही पडलं तर दोन्हीकडच्या गाड्या जागच्या जागी थांबवायच्या, आणि एक माणूस रुळाचा तो सगळा पट्टा चालत तपासून येईपर्यंत कोणी हलायचं नाही. तो माणूस खालून चालत येणार होता. हातात ब्रश आणि बादली.

वरून येऊन शेजारच्या रुळावर थांबलेल्या गाडीत एक बँड होता. भरतकाम केलेली जाकिटं घातलेली म्हातारी मंडळी, पोटावर पितळी वाद्यं. गाडी हलेना, तेव्हा ते खाली उतरले आणि वाजवायला लागले. दोन मिनिटं जागृतीबेन ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आ तो आपणो ज ताल छे!" आणि गवतावर गरबा सुरू झाला. आमच्या टूरमधल्या अकरा बायका, दोन पुरुष आणि केतन. बँडवाले आधी बावचळले, मग त्यांनी लय वाढवली. एका म्हाताऱ्याने वाद्य खाली ठेवून टाळ्यांनी ताल धरला. मधोमध रुळावर निळ्या कपड्यांतला माणूस गुडघ्यावर बसून, ब्रशने, एकेक दाता घासत होता. घासता घासता त्याचं डोकंही तालावर हलत होतं. मीच तेवढा कशातच नव्हतो.

कंडक्टर आईजवळ बाकावर येऊन बसला. टोपी काढली आणि तिला त्याच्या भाषेत, अगदी सावकाश, बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं. एकदा बोट वर केलं, एकदा खाली दरीकडे दाखवलं. आई मान डोलावत होती.

"काय बोलतंय ह्यो?" तिने मला विचारलं.

"डोंगराची माहिती सांगतोय."

"गोरा हाय, पन मानूस बरा हाय," आई म्हणाली आणि भकलातलं खोबरं काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते हुंगलं, खाल्लं, आणि पुन्हा हात पुढे केला.

मग तो पॅड घेऊन आला. त्यावर पिवळा छापील कागद. केतन धावत आला, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. फक्त रिपोर्ट आहे. ज्याने केलं त्याची सही लागते. दंड-बिंड काही नाही, ते म्हणाले आजींना कोण दंड करणार!"

पेन माझ्या हातात होतं. मी ते आईला दिलं.

"काय हाय ह्या?"

"पाहुण्यांची वही," मी म्हणालो. "मोठ्या माणसांची सही घेतात."

आई सत्तरीपर्यंत अंगठा लावायची. रेशनच्या कचेरीत निळा झालेला अंगठा ती दिवसभर पदरात लपवायची. मग माझ्या मुलीने तिला सही शिकवली. आठ महिने लागले. त्या दिवशी तिने चष्मा मागितला, हात पदराला पुसला, पॅड मांडीवर सरळ केलं आणि लिहायला लागली. मंजुळा गजानन पाटील. 'ळ' पाशी नेहमीसारखी थांबली, दम घेतला, पुढे गेली. तोवर रूळ मोकळा झाला होता. दोन गाड्या, एक बँड आणि सगळे प्रवासी त्या सहीसाठी थांबले. शेवटचा 'ल' पुरा झाला तेव्हा कंडक्टरने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. आईने लाजून पदर तोंडाला लावला.

मी सुलभाकडे पाहिलं. ती खिडकीत बसून होती. ती आधीपासून तिथेच होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिने सगळं पाहिलं होतं.

शिखर

वर पोहोचलो. त्याच्यासाठीच लोक जातात, म्हणून सांगतो. ढग आमच्या खाली होते. त्यांना भोकं पडून त्यातून सरोवराचे निळे तुकडे दिसत होते, आणि चहूकडे पांढरी शिखरं, एकामागे एक, मोजता मोजता हरवणारी. हवा इतकी थंड आणि कोरडी की नाकाला टोचत होती. हॉटेलात बटाट्याचं एक थालीपीठ मिळालं, लोण्यात खरपूस भाजलेलं. मीठ कमी, पण उत्तम. वर चीज. आईने चीज बाजूला काढून ठेवलं. "ह्याला वास येतो," असं ती म्हणाली. जन्मभर सुकट-बोंबील वाळवणारी माझी आई.

मागच्या सावलीत जुना बर्फ साचलेला होता. आईने तो मुठीत धरला, दाबला, नखाने खरवडला.

"बरफ चांगला हाय," ती म्हणाली. "भुसा न्हाय, काय न्हाय. पन सगला वाया. यवऱ्या बरफात एक पापलेट न्हाय."

टूरमधले लोक एकेक करून तिच्यासोबत फोटो काढायला आले. "ट्रेन थांबवणारी आजी!" केतन ओरडत होता. आईला वाटलं, सहीमुळे. ती प्रत्येक फोटोत ताठ उभी राहिली.

सुलभा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. शिखरांकडे बघत म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही. पण तुम्ही आईंना खरं सांगत नाही तोवर आपलं बोलणं चहा हवा का, एवढंच."

उरलेले पाच दिवस मी भरपूर चहा प्यायलो.

भाईंदर

परत आल्यावर तीन आठवडे मी कोळीवाड्यात जायचं टाळलं. बातम्या येत होत्या. बाजारात आई तिच्या जुन्या जागेवर जाऊन बसते आणि मासळीवाल्यांना सांगते, "तिकडं गारी थांबवली आनी माजी सही घेतली. बँड वाजवला." जागृतीबेनचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर होता, त्यामुळे बँडचा पुरावाही होता. गाळ्यात कामगार मला विचारत, "आजीने गिअरमध्ये नारळ घातला म्हणे?" ज्याला मी दसऱ्याला बोललो होतो, तोच जास्त हसायचा.

मग आईचा फोन आला. "कागूद आलाय. तिकडचा. ये नी वाच."

टूरवाल्यांकडून तिचा पत्ता घेऊन त्या रेल्वेच्या कचेरीने पत्र पाठवलं होतं. मी पोहोचलो तर ओटीवर आई नवी साडी नेसून बसलेली, बाजूला शेजारच्या चार बायका. त्यांच्यात सखूमावशी, आईची बालमैत्रीण, एका कानाने बहिरी. चहा झाला होता. सगळ्या माझीच वाट बघत होत्या. सुलभा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

पत्र इंग्रजीत होतं. दात्यांच्या रुळात वस्तू घालणं हा प्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे. आपलं वय आणि श्रद्धा ध्यानात घेऊन प्रकरण बंद करत आहोत. कृपया पुन्हा असं करू नये. खाली पेनाने एक ओळ: खोबरं छान होतं.

"वाच," आई म्हणाली.

मी घसा साफ केला. "प्रिय मंजुळाबाई, आपण आमच्या डोंगरावर आलात, आम्हाला फार आनंद झाला. आपली सही आम्ही कचेरीत लावली आहे."

बायकांनी माना डोलावल्या, बाजूच्या बाईने सखूमावशीच्या कानात 'सही कचेरीत लावलीय' एवढंच सांगितलं. आईने डोळे पुसले.

"मना न्हाय ऐकू आला," सखूमावशी म्हणाली. "परत वाच."

"प्रिय मंजुळाबाई, आपण आलात, फार बरं वाटलं. आपली सही आम्ही... स्टेशनात लावली आहे. सर्व प्रवासी ती बघतात."

सखूमावशीने कान पुढे केला. "मंगाशी ही बोलली कचेरीत, आता तू बोलतंस स्टेशनात. सही चालत जाते काय?"

बायका हसल्या. आई हसली नाही. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या तोंडावरून ओळखणारी बाई, कोण घेणार आणि कोण नुसता भाव विचारतो ते. ती माझ्याकडे तसं बघत होती.

"कागूद खाली ठेव," ती म्हणाली. "काय लिवलाय ता सांग."

मी सांगितलं. खोबऱ्याच्या ओळीपर्यंत सगळं. आईने कागद उचलला, उलटसुलट केला, तिला न वाचता येणाऱ्या त्या अक्षरांवर बोट फिरवलं.

"म्हंजे मी गुन्हा केला, ता लिवलाय," ती म्हणाली. "आनी मी सही केली."

"हो."

"नारल कोनी फोडला?"

"मीनी."

"का?"

"भ्यालतो."

तिने कागदाची घडी करून मांडीखाली ठेवली. मग म्हणाली, "भ्यालास तं माजा हात धरायचा. माजा नाव कशाला सांगलास?"

मी ओटीवरून उतरून तिच्यासमोर अंगणात उभा राहिलो. तीस वर्षं मी तिच्याशी सुपरवायझरच्या मराठीत जास्त बोलतोय, घरची भाषा तोंडी लागते ती मोडकी. तरी तीच बोललो. पण पुटपुटल्यासारखं. सखूमावशी लगेच म्हणाली, "काय बोलला? मना न्हाय ऐकू आला."

"मोठ्यान् बोल," आई म्हणाली. "बाजारात मीनी सगल्यांना सांगलाय. सगल्यांना ऐकू जाव दे."

शेजारच्या ओट्यांवर माणसं बाहेर आली होती. जाळं विणणाऱ्या दोघांनी हात थांबवले होते. मी दोन्ही हात जोडले आणि गाळ्यात मशीन चालू असताना ओरडतो तेवढ्या मोठ्याने ओरडलो:

"आये, नारल मीनी फोडला. तू पान्यात सोडत होतीस, मना लाज वाटली म्हनून मीनी सोडू न्हाय दिला. तुजा नाव खोटा सांगला. ती पावन्यांची वही न्हवती, तुजी सही मीनी फसवून घेतली. चूक माजी हाय, तुजी काय पन न्हाय. मना माफ कर."